शिपायाचे सत्य आणि सरकारचा शब्द

या महिन्यात ज्या विषयावर चार शब्द लिहावयाचे योजिले आहे, तो आपल्या घरांतून मोठ्याने बोलला जात नाही. वर्तमानपत्रात तो आला की वडीलधारी मंडळी पान उलटतात, आणि तेच पान मुले मागाहून एकीकडे जाऊन वाचतात. ज्या गोष्टी मुले चोरून वाचतात, त्यांविषयी वडिलांनी उघड बोलावे हे केव्हाही बरे. म्हणून हा प्रपंच.

विषय असा. जन्मसमयी ज्यांची नोंद मुलगा म्हणून झाली, परंतु आपण स्त्री आहोत अशी ज्यांची आतून दृढ जाणीव आहे, किंवा याच्या उलट ज्यांची स्थिती आहे, अशा माणसांना इंग्रजीत ट्रान्सजेंडर म्हणतात. मराठीत तृतीयपंथी हा शब्द रूढ आहेच. अलीकडे पारलिंगी असाही शब्द वापरतात. अशा माणसांनी आपली ओळख न लपविता सैन्यात नोकरी करावी किंवा नाही, हा तो वाद होय. या वादात शरीरशास्त्र, लष्करी शिस्त, खर्च, धर्म यांवर दोन्ही बाजूंनी पुष्कळ शाई खर्च झाली आहे. तथापि ‘न लपविता’ या दोन शब्दांकडे जितके लक्ष जावयास हवे, तितके गेलेले दिसत नाही. वस्तुतः अशी माणसे सैन्यात पूर्वीही होतीच. त्यांनी तोंड मिटून चाकरी केली, एवढेच. तेव्हा प्रश्न त्यांच्या असण्यानसण्याचा नसून, त्यांनी खरे बोलून राहावे की खोटे बोलून राहावे, असा आहे. आणि त्याहून मोठा प्रश्न असा की, सरकारने एकदा ‘खरे सांगा’ म्हणून आश्वासन दिल्यावर, ज्यांनी खरे सांगितले त्यांनाच मागाहून दाराबाहेर काढणे कोणत्या न्यायात बसते?

हा वाद सर्वांत अधिक पेटला तो अमेरिकेत; म्हणून तेथील हकीकत प्रथम सांगितली पाहिजे. त्या देशात समलिंगी शिपायांविषयी १९९३ पासून एक विचित्र नियम होता. वरिष्ठांनी विचारू नये आणि शिपायाने सांगू नये, असे त्याचे स्वरूप. तो रद्द करणारा कायदा २०१० साली झाला आणि २० सप्टेंबर २०११ पासून तो नियम संपला. पारलिंगी शिपायांना मात्र त्याचा उपयोग झाला नाही. त्यांना वगळणारी कलमे लष्कराच्या वैद्यकीय नियमावलीत होती, ती तशीच राहिली. पुढे ३० जून २०१६ रोजी संरक्षणमंत्री ॲश कार्टर यांनी जाहीर केले की, केवळ पारलिंगी असल्याच्या कारणावरून यापुढे कोणासही सैन्यातून काढले जाणार नाही. या शब्दावर विसंबून अनेक शिपाई, खलाशी व वैमानिक पुढे आले. त्यांनी वरिष्ठांना आपली हकीकत सांगितली, लष्करी डॉक्टरांकडे आपल्या स्थितीची नोंद करविली आणि दप्तरातील लिंगाची नोंद रीतसर बदलून घेतली.

त्यानंतर तेरा महिनेही लोटले नाहीत तोच, २६ जुलै २०१७ रोजी, राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रंप यांनी ट्विटरवरून जाहीर केले की, पारलिंगी माणसांना सैन्यात कोणत्याही कामावर घेतले जाणार नाही. प्रकरण न्यायालयांत गेले. २०१८ च्या मार्चमध्ये संरक्षणमंत्री जेम्स मॅटिस यांनी या मनाईला नियमांचे रूप दिले, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या पाच विरुद्ध चार मतांच्या अनुज्ञेने ते नियम एप्रिल २०१९ मध्ये अमलात आले. परंतु येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मॅटिस यांचे नियम कडक होते, तरी २०१६ च्या आश्वासनावर विश्वासून ज्यांनी आपली ओळख सांगितली होती व तशी वैद्यकीय नोंद केली होती, त्यांना त्यांनी हात लावला नाही. सरकारने या लोकांना शब्द दिलेला आहे, तो पाळला पाहिजे, हे तत्त्व मनाई करणाऱ्यांनीही तेव्हा मान्य केले होते.

२५ जानेवारी २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी ती मनाई उठविली. पुन्हा दार उघडले, पुन्हा माणसे पुढे आली. मग २७ जानेवारी २०२५ रोजी, दुसऱ्यांदा अधिकारारूढ झालेल्या ट्रंप यांचा नवा हुकूम निघाला. २६ फेब्रुवारी रोजी संरक्षण खात्याने त्याची अंमलबजावणी कशी करावयाची ते ठरविले. १८ मार्च रोजी वॉशिंग्टन येथील न्यायाधीश ॲना रेयेस यांनी, आणि २७ मार्च रोजी वॉशिंग्टन नावाच्याच पश्चिमेकडील राज्यात न्यायाधीश बेंजामिन सेटल यांनी या हुकमास मनाई केली. परंतु ६ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने, तीन न्यायाधीशांचा विरोध असताना, अपिलाचा निकाल लागेपर्यंत हुकूम अमलात आणण्यास मोकळीक दिली. दोनच दिवसांनी संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी फर्मान काढले की, ज्यांनी स्वतः नाव दिले आहे अशा सुमारे एक हजार जणांना मोकळे करण्यास आरंभ करावा. इतरांना आपण होऊन निघून जाण्यास मुदत दिली: कायम सेवेतील शिपायांना ६ जूनपर्यंत आणि राखीव दलांतील शिपायांना ७ जुलैपर्यंत. मुदतीनंतर वैद्यकीय नोंदी चाळून उरलेल्यांना हुडकावयाचे, असे ठरले. डिसेंबर २०२४ च्या सरकारी मोजणीप्रमाणे कायम, राखीव व नॅशनल गार्ड मिळून सुमारे एकवीस लक्ष मनुष्यबळात अशी वैद्यकीय नोंद असलेले ४,२४० जण होते.

वाचकांनी या क्रमाचा थोडा विचार करावा. नऊ वर्षांत दोनदा दार उघडले आणि दोनदा मिटले. पहिल्या खेपेस, आत असलेल्यांना निदान आत राहू दिले. दुसऱ्या खेपेस, ज्या कागदावर शिपायाने सरकारच्याच सांगण्यावरून खरे लिहिले होते, तोच कागद त्याला बाहेर काढण्याचे साधन झाला. जो गप्प राहिला, ज्याने डॉक्टरांनाही काही सांगितले नाही, त्याच्या नावावर कागद नसल्यामुळे तो पुष्कळ अंशी सुरक्षित राहिला.

ज्यांनी वर्ग चालविला आहे, त्यांना या गोष्टीतील अनर्थ निराळा समजावून सांगावयास नको. मास्तरांनी वर्गात म्हणावे, ‘ज्याने काच फोडली असेल त्याने उभे राहावे; शिक्षा होणार नाही’, आणि एखादा प्रामाणिक पोरगा उभा राहताच त्याला छडी मारावी. त्या दिवशी त्या एका पोराचे काय झाले, हा प्रश्न लहान आहे. उरलेली एकोणचाळीस मुले त्या दिवशी काय शिकली, हा प्रश्न मोठा आहे. आणि येथे तर काचही फुटली नव्हती; अपराध मुळी नव्हताच.

आता विरोधकांचे म्हणणे नीट ऐकून घेतले पाहिजे. त्यांच्यात केवळ दुराग्रही माणसेच आहेत असे मानणे अन्यायाचे होईल. सैन्य हे धर्मादाय संस्थान नव्हे. लढाई जिंकणे हे त्याचे काम, आणि जो नियम त्या कामास बाधक होईल तो सोडला पाहिजे, हे आम्हांसही मान्य आहे.

पहिला आक्षेप आरोग्याचा. शस्त्रक्रिया, औषधोपचार आणि त्यांनंतरची विश्रांती यांमुळे शिपाई काही काळ आघाडीवर जाण्यास अपात्र होतो, हे खरे. परंतु म्हणूनच २०१६ च्या नियमांत अशी अट होती की, भरती होऊ पाहणारा पारलिंगी उमेदवार अठरा महिने स्थिर प्रकृतीचा असल्याचे डॉक्टराने लिहून दिले पाहिजे. अट कठोर आहे आणि ती योग्य आहे. रॅंड या संशोधन संस्थेने अमेरिकन सरकारसाठी २०१६ साली या प्रश्नाचा अभ्यास केला. कायम सेवेत तेव्हा सुमारे तेरा लक्ष माणसे होती. त्यांत पारलिंगी १,३२० ते ६,६३० असावीत, आणि उपचारांमुळे आघाडीवर जाण्यास अडचण येईल अशांची संख्या वर्षाकाठी २९ ते १२९ भरेल, असा तिचा अंदाज होता. पाय मोडलेले, पाठ धरलेले, बाळंतपणाच्या रजेवर असलेले शिपाई प्रत्येक सैन्यात यांहून पुष्कळ अधिक असतात, आणि त्यांना कोणी कायमचे घरी पाठवीत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. त्याच अभ्यासात वाढीव वैद्यकीय खर्चाचा अंदाज वर्षाला २४ लक्ष ते ८४ लक्ष डॉलर असा दिला आहे. रक्कम ऐकावयास मोठी वाटते. पण कायम सेवेतील शिपायांच्या एकूण वैद्यकीय खर्चाच्या ती शेकडा ०.०४ ते ०.१३ एवढीच होती. याच्या उलट, तयार शिपाई काढून टाकण्याने काय गमावले जाते तेही मांडले पाहिजे. न्यायाधीश सेटल यांच्यापुढील दाव्यातील प्रमुख वादी कमांडर एमिली शिलिंग या नौदलाच्या वैमानिक. त्यांनी युद्धभूमीवर साठ वेळा विमान नेले होते. असा वैमानिक घडविण्यास किती वर्षे व किती द्रव्य लागते, याचा हिशेब खर्चाचे नाव पुढे करणाऱ्यांनी मांडावयास नको काय?

तिसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. शिपाई एकत्र निजतात, एकत्र स्नान करतात. तेथे लज्जेचा व संकोचाचा प्रश्न येतो, आणि परस्परांविषयीचा विश्वास ढळला तर पलटण कमजोर होते. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एखाद्या तरुण मुलीने ‘मला येथे संकोच वाटतो’ असे म्हटले, तर तिचे म्हणणेही तितकेच खरे मानले पाहिजे. आडोसे, वेळांची वाटणी, वेगळ्या खोल्या, यांची व्यवस्था अधिकाऱ्यांनी करावयाची असते, आणि ती करता येते. नेदरलंड्समध्ये १९७४ पासून, ब्रिटनमध्ये १९९९ पासून आणि ऑस्ट्रेलियात २०१० पासून अशी माणसे उघडपणे सेवा करू लागली. त्या देशांची सैन्ये त्यामुळे मोडकळीस आली नाहीत. खुद्द अमेरिकेत, १२ एप्रिल २०१८ रोजी, भूदलाचे प्रमुख जनरल मार्क मिली यांना सेनेटच्या समितीपुढे विचारण्यात आले की, पारलिंगी शिपायांमुळे ऐक्य, शिस्त वा मनोधैर्य बिघडल्याच्या किती तक्रारी आपल्याकडे आल्या? एकही नाही, असे त्यांनी उत्तर दिले.

‘इतरांना चालणार नाही’ हा आक्षेप सैन्याच्या इतिहासात पुनःपुन्हा आलेला आहे, आणि आपल्या प्रांताला तर तो चांगलाच परिचयाचा आहे. मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपायांनी पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली. तथापि १८९२ च्या सुमारास, लढवय्या जाती व अलढवय्या जाती असा भेद सरकारने उभा केला आणि महारांची भरती बंद झाली. ज्यांच्या बापजाद्यांनी लढाया मारल्या, त्यांची मुले एका लेखणीच्या फटकाऱ्याने ‘अयोग्य’ ठरली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली सरकारकडे अर्ज धाडला. त्याचा उपयोग झाला नाही. सुभेदार रामजी सकपाळ, म्हणजे डॉक्टर आंबेडकरांचे वडील, हे याच फौजेतील लष्करी शाळेत शिक्षक होते. पुढे दुसऱ्या महायुद्धात माणसांची निकड लागली, तेव्हा १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावास महार पलटण उभी राहिली. आणि त्याच पलटणीतील मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना १९८७ च्या श्रीलंकेतील मोहिमेबद्दल मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. त्या बंदीच्या काळात आपल्या शिकलेल्या वाड्यांतून फारसा निषेध उमटला नाही, ही गोष्ट आपण आपल्याशी कबूल केलेली बरी.

अमेरिकेतही काळ्या व गोऱ्या शिपायांच्या पलटणी वेगळ्या असत. त्या एकत्र केल्यास सैन्य फुटेल, असे मोठमोठे सेनानी सांगत. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी २६ जुलै १९४८ रोजी समान वागणुकीचा हुकूम काढला. सैन्य फुटले नाही. याच तारखेस, ६९ वर्षांनी, ट्रंप यांची पहिली मनाई जाहीर झाली, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे. आपल्याकडे स्त्री-अधिकाऱ्यांना कायम नेमणूक देण्याचा प्रश्न आला, तेव्हा खेडेगावांतून आलेले शिपाई स्त्रीचा हुकूम मानावयास मनाने तयार नाहीत, असे सरकारच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात सांगण्यात आले होते. १७ फेब्रुवारी २०२० रोजी न्यायालयाने ते म्हणणे फेटाळले, आणि ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून सतरा मुलींची पहिली तुकडी शिक्षण पुरे करून बाहेर पडली. जातीचा, वर्णाचा, स्त्रियांचा आणि पारलिंगी माणसांचा असे हे चारही प्रश्न एकसारखे आहेत असे आमचे म्हणणे नाही. प्रत्येकाच्या अडचणी निराळ्या. परंतु आक्षेप चारही ठिकाणी एकच होता, आणि पहिल्या तीन ठिकाणी तो अनुभवाने टिकला नाही. म्हणून चौथ्या ठिकाणी तो पुढे करणाऱ्याने अनुभवाचा पुरावा आणावा, एवढेच मागणे आहे.

आता २०२५ च्या हुकमातील सर्वांत जड शब्दाकडे वळू. त्यात असे म्हटले आहे की, जन्माच्या लिंगाहून निराळी ओळख धारण करणे हे शिपायाच्या सन्मान्य, सत्यनिष्ठ व शिस्तबद्ध जीवनाशी विसंगत आहे. म्हणजे आरोप दुर्बलतेचा नाही, असत्याचा आहे. शिपाई अशक्त ठरला तर त्याला वाईट वाटेल. पण तो खोटा ठरला तर त्याची अब्रू जाते. पुरुष म्हणून जन्मलेल्याने ‘मी स्त्री आहे’ म्हणणे हेच मुळी असत्य, असा या पक्षाचा युक्तिवाद आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळांनाही तो प्रथमदर्शनी पटेल.

परंतु असत्य म्हणजे काय, याचा विचार आपल्या शास्त्रकारांनी बारकाईने केला आहे. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात सत्याचे विवरण आहे, त्याचा आशय असा की, जे पाहिले, जे अनुमानाने जाणले व जे ऐकले, त्याला धरून वाणी व मन असणे म्हणजे सत्य. आणि आपल्याला जे कळले ते दुसऱ्याला कळावे म्हणून बोललेली वाणी फसविणारी नसावी. ही कसोटी येथे लावून पाहा. या शिपायाने जन्माची नोंद लपविली नाही. डॉक्टरांचे निदान लपविले नाही. उपचार कोणते चालू आहेत ते सांगितले. आपल्या मनात काय आहे ते वरिष्ठांपुढे ठेवले. फसवणूक होण्यास कोणीतरी फसलेला असावा लागतो. येथे फसले कोण? उलट, तोच शिपाई पूर्वी जेव्हा गप्प राहून, मनात एक व मुखात एक ठेवून हजेरीला उभा राहत असे, तेव्हा भाष्यकारांच्या कसोटीने तो असत्यात होता; आणि त्या वेळी सरकारची त्याच्याविषयी काही तक्रार नव्हती.

लपवालपवीचे फळ काय होते, याचे महाभारतातही एक आख्यान आहे. उद्योगपर्वाच्या अखेरीस, अंबेच्या कथेच्या ओघात, शिखंडीची हकीकत येते. द्रुपदाला कन्या झाली. त्याने पुत्र झाला असे जाहीर केले, मुलाप्रमाणे वाढविले, द्रोणाकडे धनुर्विद्या शिकविली, आणि शेवटी दशार्ण देशाच्या राजकन्येशी विवाहही लावून दिला. सत्य बाहेर येताच दशार्णराज सैन्य घेऊन पांचालांवर चालून आला. स्थूणाकर्ण यक्षाने आपले पुरुषत्व दिले म्हणून तो प्रसंग टळला. व्यासांनी संकट आणले ते शिखंडीच्या शरीरामुळे नव्हे; बापाने बोललेल्या खोट्यामुळे. आणि त्याच पर्वात भीष्म दोन्ही बाजूंच्या वीरांची गणना करतात, तेव्हा शिखंडीला ते मुख्य रथींमध्ये धरतात. मी त्याच्यावर शस्त्र धरणार नाही, हे त्यांचे व्रत निराळे. पण त्याची योग्यता मोजताना त्या वृद्ध सेनापतीने हात आखडला नाही. पुराणातील दाखला हा आजचा कायदा होऊ शकत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु योग्यता निराळी व आपली आवडनिवड निराळी, एवढा विवेक त्यातून घेण्यास हरकत नसावी.

शब्द मोडल्याची किंमत कधी कधी फार भयंकर असते. दक्षिण कोरियात ब्यून ही-सू नावाचा एक रणगाडाचालक सार्जंट होता. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये थायलंडात शस्त्रक्रिया करून ती स्त्री झाली, आणि आपल्याला सैन्यातच राहावयाचे आहे असे तिने सांगितले. सैन्याने २०२० च्या जानेवारीत, शरीराला व्यंग आले असे कारण देऊन तिला काढून टाकले. तिने लोकांपुढे येऊन सलाम केला व देशाची सेवा करण्याची संधी मागितली. ३ मार्च २०२१ रोजी ती आपल्या घरी मृतावस्थेत आढळली. त्याच वर्षी ७ ऑक्टोबर रोजी न्यायालयाने तिची बडतर्फी बेकायदा ठरविली. २०२४ साली तिचा मृत्यू कर्तव्यावर असतानाचा मानण्यात आला आणि जून महिन्यात देजॉन येथील राष्ट्रीय स्मशानभूमीत तिला जागा मिळाली. जी जागा जिवंतपणी रणगाड्यात मागितली, ती मेल्यावर मातीत मिळाली.

आपल्या देशाची स्थिती काय? १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींना आपले लिंग आपण ठरविण्याचा अधिकार मान्य केला. २०१९ साली त्यांच्या हक्कांचा कायदा झाला, व नोकरीत त्यांच्याशी भेदभाव करू नये असे त्यात लिहिले गेले. तथापि भूदल, नौदल व वायुदल यांतील भरती पुरुष व स्त्री या दोनच रकान्यांनी चालत आली आहे. २०१७ साली नौदलाच्या एका खलाशाने शस्त्रक्रियेनंतर स्त्री म्हणून राहू इच्छिल्यावर, नोकरीच्या नियमांत ते बसत नाही असे सांगून त्याला सेवेतून मुक्त करण्यात आले. पोलीस खात्यात मात्र पाऊल पुढे पडले आहे. तमिळनाडूत के. पृथिका याशिनी यांनी मद्रास उच्च न्यायालयातून २०१५ साली आपला हक्क मिळविला व त्या फौजदार झाल्या. छत्तीसगडात २०२१ साली तेरा तृतीयपंथी उमेदवार शिपाई म्हणून निवडले गेले. पुढल्या वर्षी बस्तरच्या जंगलात नक्षलवाद्यांशी लढणाऱ्या खास दलात नऊ जण आले. आपल्या महाराष्ट्रातही २०२२ च्या डिसेंबरमध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने कान उपटल्यावर, पोलीसभरतीच्या अर्जात तिसरा पर्याय ठेवण्याचे सरकारने कबूल केले. गोळी झेलावयाची वेळ येणाऱ्या दलात जर हे चालते, तर सैन्यात कधीच चालणार नाही असे कशावरून?

आमचे म्हणणे एवढेच आहे. सैन्याने आपली परीक्षा कठोर ठेवावी. धावणे, नेम, दृष्टी, प्रकृती, शिस्त, यांत कोणाला सवलत देऊ नये. जो उणा पडेल त्याला, तो कोणीही असो, परत पाठवावे. आपल्या सरकारने या बाबतीत घाईने काही जाहीर करू नये, हेही आम्ही म्हणू. डॉक्टरांशी, सेनापतींशी, आणि ज्यांच्याविषयी नियम करावयाचा त्यांच्याशी सावकाश बोलावे. परंतु एकदा ‘पुढे या, खरे सांगा’ असे म्हटल्यावर पुढच्या निवडणुकीने तो शब्द फिरवू नये. ज्याने शिपायाकडून प्राण मागावयाचे, त्याचा शब्द शिपायाला निदान उद्यापर्यंत तरी पुरला पाहिजे.

हा विषय कुटुंबाच्या मासिकात कशाला, असे काही भगिनी विचारतील. त्याचे कारण असे की, प्रत्येक घर हेही एक लहानसे सरकारच आहे. आपण मुलांना पाळण्यापासून शिकवितो की, काही झाले तरी आईबापांपासून लपवू नये. मग एखादे दिवशी एखादा पुतण्या, एखादी भाची, पुष्कळ दिवस धीर गोळा करून तुमच्यापुढे येते, आणि आपल्या मनातील अशीच एखादी अवघड गोष्ट सांगू लागते. ती गोष्ट तुम्हांला कळणार नाही, कदाचित पटणारही नाही. त्या क्षणी तुम्हांला ती पटलीच पाहिजे असे नाही. परंतु ‘खरे सांग’ असे आपणच म्हटले होते, हे त्या वेळी आजोबांनी, आजींनी आणि घरातील कर्त्या माणसांनी विसरू नये. मुलाला प्रथम जवळ बसवावे, त्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, आणि मग काय विचारावयाचे ते विचारावे.